मध्ययुगातला समुद्री व्यापार वाढला तो बंदरात मुक्काम ठोकलेल्या माणसांमुळे

प्रश्न थोडक्यात असा आहे: पोर्तुगीज येण्याआधी अरबी समुद्रात व्यापाऱ्यांना संरक्षण देणारे आरमार नव्हते, विमा कंपन्या नव्हत्या, टपाल नव्हते. तरी येमेनमधल्या एडनचा व्यापारी मंगळूरला आणि इराणी आखातातल्या सिराफचा व्यापारी आपल्या चौलला माल पाठवायला धजावत कसा होता? आणि ९व्या शतकापासून १५व्यापर्यंत हे जाळे वाढतच कसे गेले?

शालेय पुस्तकातले उत्तर दोन ओळींचे असते. अरब कुशल दर्यावर्दी होते आणि मसाल्यांना मागणी होती. दोन्ही खरे आहे, पण मागणी रोमन काळातही होती आणि मोसमी वारेही तेव्हापासून ठाऊक होते. कोकणचे ताम्रपट, जुन्या बंदरांच्या जागा आणि त्या काळातली व्यापारी पत्रे यांतच माझी नोकरीची वर्षे गेली. त्यातून माझे मत असे झाले आहे की, या वाढीचे मर्म जहाजांपेक्षा बंदरात महिनोन् महिने राहावे लागणाऱ्या माणसांमध्ये आहे. ते का, हे समजायला आधी वाऱ्याचा हिशेब पाहू.

जून-जुलैत नैर्ऋत्येचा वारा इतका पिसाळलेला असतो की पश्चिम किनाऱ्यावरची बंदरे बंद पडत. कोळी बांधव परंपरेने नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या लोटत नाहीत, ते उगाच नाही. एडनहून इकडे यायची जहाजे ऑगस्टअखेर, वाऱ्याचा जोर ओसरू लागला की सुटत आणि सप्टेंबरात किनाऱ्याला लागत. परतीला ईशान्येचा वारा हवा आणि तो दिवाळीच्या आसपास धरतो. त्यात मलबारात मिरी तयार होते ती साधारण डिसेंबर ते मार्चमध्ये. म्हणजे सप्टेंबरात आलेल्या माणसाने आणलेले तांबे विकायचे, मिरीवाल्याला उचल द्यायची, पीक निघाले की वाळलेला माल तपासून ताब्यात घ्यायचा आणि उन्हाळा चढायच्या आत जहाज भरून निघायचे. एखाद्याने उधारी थकवली किंवा पोती ओली निघाली की वारा हुकला, आणि वारा हुकला की वर्ष गेले.

ज्याला हे जमेना त्याच्यापुढे सोपा उपाय एकच होता. आपला कुणीतरी माणूस बारा महिने तिथे बसवायचा. भाव पडलेला असताना माल घेऊन ठेवणारा, उधारी वसूल करणारा, इथल्या सावकाराची पत ओळखणारा. या बसलेल्या माणसांची वस्ती झाली, वस्तीला मुखिया मिळाला, मशीद किंवा अग्यारी झाली, इथेच लग्ने झाली.

याचा सर्वांत ठसठशीत पुरावा आपल्याच दारात आहे. अल-मसूदी हा बगदादचा प्रवासी इसवी ९१५-१६ च्या सुमारास सैमूरला, म्हणजे चौलला आला होता. तिथे त्याला सुमारे १०,००० मुसलमान दिसले. काही सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले, आणि बरेचसे याच देशात जन्मलेले. आकडा त्याने डोळ्यांनी अजमावलेला आहे, तो जनगणनेसारखा घेऊ नये. पण 'इथेच जन्मलेले' हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण त्याचा अर्थ तोवर एक-दोन पिढ्या उलटल्या होत्या. राजा होता शिलाहार झंझ, राष्ट्रकूटांचा मांडलिक. या वस्तीचा प्रमुख त्यांच्यातलाच एक असे आणि त्याची नेमणूक राजा करत असे. त्यांचे आपसातले तंटे तो सोडवी. राजाने परक्या व्यापाऱ्यांना त्यांचा कायदा त्यांच्याकडेच ठेवू दिला आणि जकात आपल्याकडे ठेवली. दोघांचेही भागले.

पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेला शके ८४८ चा (इसवी ९२६) राष्ट्रकूट ताम्रपट याच्याही पुढे जातो. संजाणच्या मंडलावर राष्ट्रकूटांनी नेमलेला अधिकारी आहे मधुमती, सहियारहाराचा मुलगा, जातीने ताजिक (म्हणजे अरब). म्हणजेच मुहम्मद, शहरियारचा मुलगा. त्याने नदी ओलांडायला मोफत नावा ठेवल्या, अन्नछत्र घातले, आणि देवीच्या मठिकेला (छोट्या मठाला) दान द्यायला परवानगी दिल्याचा हा लेख आहे, शुद्ध संस्कृतात. धार्मिक सलोख्याचे उदाहरण म्हणून हा ताम्रपट भाषणांत वापरला जातो, पण मला तो जास्त व्यवहारी वाटतो. बंदर चालवायचे असेल तर बाहेरून येणाऱ्यांची भाषा आणि पत ज्याला कळते असा माणूस राजाला हवा होता, आणि त्या माणसाला इथल्या लोकांत मान मिळवायला मठाचा आश्रयदाता व्हायला हवे होते.

आता सुरुवातीचा मुख्य प्रश्न, विश्वासाचा. तो कसा चाले हे दाखवणारी प्रत्यक्ष पत्रे शिल्लक आहेत, आणि ती टिकली तो निव्वळ योगायोग. जुन्या कैरोतल्या बेन एझरा सिनेगॉगमध्ये देवाचे नाव लिहिलेला कागद फेकायचा नाही म्हणून शेकडो वर्षे रद्दी एका खोलीत टाकत गेले. १८९६-९७ मध्ये तिचा मोठा भाग केंब्रिजला गेला. त्या रद्दीत अब्राहम बेन यिजू नावाच्या ज्यू व्यापाऱ्याची कागदपत्रे निघाली. हा मूळचा ट्युनिशियातल्या महदियाचा. १२व्या शतकात, साधारण ११३२ ते ११४९ या काळात, त्याने मंगळूरला बस्तान बसवले. तिथे त्याचा धातूच्या भांड्यांचा कारखाना होता. एडनहून मोडीत निघालेली तांब्या-पितळेची भांडी यायची. सोबत चिठ्ठी, की अमुक वजनाचा तस्त-घडा करा, असा-असा घडवा. मंगळूरचे कारागीर ती वितळवून नवी घडवत आणि परत पाठवत. नुसता मसाल्यांचा व्यापार म्हणून या समुद्राकडे पाहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे: भंगार समुद्र ओलांडून येत होते आणि घडाई होऊन परत जात होते.

एडनला बेन यिजूचा माणूस होता मदमून, तिथल्या व्यापाऱ्यांचा वकील. त्याच्या पत्रांत मालाची यादी, भाव, कोणते जहाज आले, कोणते आले नाही, हे सगळे येते. खाली आणखी एक छोटी यादी: साखर, मनुका, साबण, चटया, आणि कागद. इकडे कागद मिळत नव्हता आणि लिहिण्यावाचून तर यांचा धंदाच चालणार नाही, म्हणून कागद हमखास पाठवायचा. या घरगुती वस्तूंची किंमत बहुधा मागितली जात नसे. मी तुझा माल एडनला विकतो, तू माझा मंगळूरला विक. दोघांनीही पगार घ्यायचा नाही, उपकाराचा हिशेब मात्र मनात पक्का ठेवायचा. लेखी भागीदारीही होती. एकाचे भांडवल, दुसऱ्याचे श्रम, नफा ठरल्या वाट्याने, आणि माल बुडाला तर तोटा भांडवलवाल्याचा. पण बराचसा व्यवहार या बिनपगारी अडतीवर चाले.

आणि बुडवले तर? असे प्रकरण पत्रांतच आहे. कारदार म्हणून उल्लेख होतो त्या मंगळूरकडच्या एका माणसाने वेलदोड्यांचे आगाऊ पैसे घेतले आणि माल दिला नाही. एडनहून बेन यिजूला सल्ला आला तो असा: त्याला सांग की, देणे न देणाऱ्याची आम्ही इथे एडनमध्ये नालस्ती करतो, ऐकले नाही तर तशी पत्रे काढू. मंगळूरच्या माणसाला एडनमधल्या बदनामीची भीती का वाटावी? कारण पुढच्या हंगामात त्याच्याकडे आगाऊ रक्कम घेऊन येणारे तिथूनच येणार होते. विम्याच्या आणि कोर्टाच्या जागी काय होते, याचे उत्तर या एका पत्रात आहे. बाकी जोखीम कमी करायचा उपाय साधा होता: माल तीन-चार जहाजांत विभागून भरायचा.

तरी बुडायचे ते बुडतच. कोल्लमकडून येणारे एक जहाज एडनच्या जवळ येऊन फुटले, त्याची बातमीही याच पत्रसंग्रहात आहे. वाहून आलेल्या फळ्या-सामानावरून लोकांनी अंदाज बांधला.

या जाळ्यात फक्त अरब आणि ज्यू होते असे समजू नका. मदमूनच्याच एका पत्रात निरोप आहे, सूस, सीती, किनाबती आणि इस्हाक बनिया या मंगळूरच्या व्यापाऱ्यांना. त्यात तो सुचवतो की, तुम्ही मंगळूरहून जहाज सोडा, मिरी, लोखंड, कंकोळ, सुंठ पाठवा, मीही त्यात सामील होईन. एडनमधला ज्यू, मंगळूरमधल्या व्यापाऱ्यांना भागीदारीत जहाज काढायला सांगतो आहे. इकडे उत्तर कोकणच्या शिलाहार अनंतदेवाचा १०९४ चा खारेपाटण ताम्रपट सांगतो की, भाभण श्रेष्ठी आणि त्याचा भाऊ धणाम श्रेष्ठी यांच्या जहाजांना ठाणे, नागपूर (हे किनाऱ्यावरचे, विदर्भातले नव्हे), सोपारा आणि चौल या बंदरांत जकात माफ. हे दोघे अमात्य होते. म्हणजे दरबारातच जहाजवाले बसले होते आणि सवलत त्यांनी स्वतःसाठी करून घेतली. हा प्रकार आपल्याला काही अनोळखी वाटू नये.

जकातीकडे वळू, कारण राजांचा वाटा तिथे दिसतो. कोकणच्या किनाऱ्यावर दर दहा-वीस मैलांवर खाडी आहे आणि नाखव्याला एक खाडी नडली तर तो पुढच्या खाडीत शिरू शकतो. शेतकऱ्याला ही मुभा नव्हती, म्हणून तो पिळला जाई. व्यापाऱ्याला ती होती. दक्षिण कोकणच्या शिलाहार रट्टराजाचा खारेपाटण ताम्रपट शके ९३० चा, म्हणजे १००८ चा. त्यात शैव तपस्व्यांच्या मठाला उत्पन्न लावून दिले आहे ते असे: द्वीपांतराहून येणाऱ्या प्रत्येक तारवामागे एक सुवर्ण गद्याणक, कंदलमूलीयाहून येणाऱ्यामागे एक सुवर्ण धरण, आणि चेमुल्य व चंद्रपूर, म्हणजे चौल आणि गोव्यातले चांदोर, इथली जहाजे वगळायची. दूरच्याकडून जास्त, कमी पल्ल्याच्या फेरीकडून कमी, आणि शेजारच्या बंदरांना दुखवायचे नाही. शिवाय दर जहाजावर ठरलेला. नाखव्याला निघतानाच कळे की किती द्यावे लागेल. खारेपाटण आज समुद्रापासून बरेच आत, विजयदुर्गच्या खाडीच्या माथ्याशी आहे. तिथे जाऊन उभे राहिलात तर परदेशी तारवे इथवर येत होती यावर पटकन विश्वास बसत नाही. गाळाने खाडी किती बदलते हे ज्याने पाहिले आहे त्याला बसतो.

फुटलेल्या जहाजाचा माल कुणाचा, हा त्या काळचा सर्वांत टोकाचा प्रश्न. बहुतेक किनाऱ्यांवर तो राजाचा किंवा सापडेल त्याचा. काकतीय गणपतिदेवाने १२४४ च्या सुमारास आंध्र किनाऱ्यावर मोटुपल्लीला लेख कोरून जाहीर केले की, पूर्वीचे राजे वादळाने किनाऱ्याला लागलेल्या जहाजांवरचे सोने, हत्ती, घोडे, रत्ने बळाने घेत; आम्ही ठरलेली जकात सोडून बाकी सारे परत देऊ, कारण हे लोक धन प्राणांहून मोठे मानून समुद्रात उतरतात. जकात तीसात एक. यात कीर्तीची भाषा आहे, पण ही सरळसरळ जाहिरात आहे, बंदरात येणाऱ्या प्रत्येकाला वाचता यावी अशी. कालिकतही असेच वर आले. १४४२-४३ मध्ये तिथे आलेला हेरातचा वकील अब्दुर रझ्झाक लिहितो की, माल उतरवून निर्धास्त बाजारात पडू द्यावा, सरकारी माणसे राखण करतात. विक्री झाली तर चाळीसात एक जकात, नाही झाली तर काही नाही.

ठाणे मात्र नेमके उलट वागले. १३व्या शतकाच्या शेवटी मार्को पोलो सांगतो की, तिथल्या राजाचा चाच्यांशी करार होता: लुटीतले घोडे राजाला, बाकी सारे चाच्यांना. घोडे इथे नीट पैदास होत नसत, ते अरबस्तान-इराणमधून आणावे लागत आणि दख्खनच्या प्रत्येक राजाला फौजेसाठी हवे असत. म्हणून हा हावरटपणा. असा करार एका हंगामापुरता फायद्याचा ठरत असेल. पुढच्या हंगामी घोडेवाले कुठे शिरतील हे सांगायला नको.

'पोर्तुगीजांपूर्वीचा समुद्र शांत होता' असे हल्ली फार ठासून लिहिले जाते, ते मला पटत नाही. १०२५ मध्ये राजेंद्र चोळाने सुमात्रा-मलायातल्या श्रीविजयवर आरमार घातले. ११३५ च्या सुमारास इराणी आखातातल्या कीश बेटाच्या राजाने एडनच्या उत्पन्नात वाटा मागून त्या बंदराला जवळजवळ दोन महिने वेढा दिला. मदमूनच्या पत्रानुसार वेढा उठला तो सिराफच्या रामिश्तची दोन मोठी जहाजे आली तेव्हा. एडनचे सैनिक त्यांवर चढले आणि कीशवाल्यांची फळी फुटली. हा रामिश्त इतका धनाढ्य की मक्केच्या काबागृहाला त्याने चिनी रेशमाचे आच्छादन घातले. बोरिवलीला एकसरच्या वीरगळांवर वल्ह्यांच्या रांगा असलेल्या युद्धनौका कोरल्या आहेत, त्या पाहिल्या की कोकणातही समुद्रात रक्त सांडत होते हे कळते. सामान्यतः त्यांचा संबंध यादव महादेव आणि शेवटचा शिलाहार सोमेश्वर यांच्या लढाईशी जोडतात. मात्र साऱ्या समुद्रावर हक्क सांगून परवाना विकणारी सत्ता तेव्हा नव्हती, हा फरक खरा.

जहाजांबद्दल फार लिहीत नाही. लोखंडी खिळे न मारता काथ्याच्या सुंभाने फळ्या शिवलेली ही गलबते होती. १९९८ मध्ये इंडोनेशियातल्या बेलितुंग बेटाजवळ असेच एक सापडले, ९व्या शतकातले. पोटात सुमारे ६०,००० चिनी भांडी, बहुतेक एकसारखे वाडगे, त्यातल्या एकावर ८२६ या सालाशी जुळणारी तारीख. एकाच नमुन्याचे हजारो वाडगे म्हणजे परदेशी गिऱ्हाइकासाठी ठोकात केलेले उत्पादन. राजेरजवाड्यांच्या चैनीपुरता हा व्यापार होता, हा समज इथेच निकालात निघतो.

त्या शतकात इराणी आखातातली जहाजे थेट चीनपर्यंत जात. ८७८-७९ मध्ये हुआंग चाओच्या बंडात ग्वांगझूमधल्या परदेशी व्यापाऱ्यांची कत्तल झाली आणि लोक मलाया द्वीपकल्पापर्यंतच जाऊन मधेच मालाची गाठ घालू लागले. पुढे समुद्राचे टप्पे पडले: एडन-होर्मुझ ते गुजरात-कोकण-मलबार, तिथून मलाक्काकडे, तिथून चीन. एकेका टप्प्याला एकच वारा पुरे, म्हणून फेरी हंगामात बसू लागली आणि मधल्या बंदरांचे महत्त्व वाढले. पश्चिमेचे टोकही सरकत राहिले. इजिप्त जिंकलेल्या फातिमी खलिफांनी ९६९ मध्ये कैरो वसवले तशी वाहतूक आखातातून लाल समुद्राकडे कलली; सिराफला ९७७ मध्ये भूकंपाने तडाखा दिला, मग कीश, मग होर्मुझ पुढे आले. बंदर पडले तरी माणसे दुसरीकडे जाऊन तोच धंदा मांडत. ओळखी आणि वह्या त्यांच्या स्वतःच्या होत्या.

या सगळ्याला लोक सरावले होते याचा माझा आवडता दाखला सोमनाथचा आहे. १२६४ मध्ये होर्मुझचा नाखवा नूरुद्दीन फिरोज याने गुजरातच्या वाघेला अर्जुनदेवाच्या राज्यात सोमनाथ पाटणला जमीन घेऊन मशीद बांधली. स्थानिक पंचकुल (कारभारी पंचमंडळ) आणि शैव मठाधिपती त्या व्यवहारात सामील आहेत. लेख संस्कृतात आणि अरबीत. तारीख चार प्रकारे दिली आहे: हिजरी ६६२, विक्रम १३२०, वलभी ९४५, सिंह १५१. महमूदाच्या स्वारीला अडीचशे वर्षे होत आलेली. चार गणना देण्याचे कारण भाविक असण्यापेक्षा दस्तऐवजी आहे. वाद निघाला तर कोणत्याही बाजूच्या माणसाला तारीख वाचता यावी.

ओळखीपाळखी नसलेल्याचे काय होई? रशियन व्यापारी अफनासी निकितिन १४६९ च्या सुमारास होर्मुझहून एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि पाली, उमरी करत जुन्नरला पोहोचला. विकायला आणलेला तो एकच ऐवज. जुन्नरच्या खानाने घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तरच परत देईन म्हणाला. खोरासानचा एक खोजा मुहम्मद मधे पडला म्हणून घोडा सुटला. बेन यिजूच्या मागे एडनहून पत्र लिहिणारे कोणी होते. निकितिनला वाटेत भेटलेल्या एका भल्या माणसावर विसंबावे लागले.

हे सारे बदलले ते १६व्या शतकाच्या सुरुवातीला. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर पोर्तुगीजांनी घोड्यांची जहाजे गोव्यातच उतरवायची सक्ती केली, आणि कर्ताझ नावाचा परवाना नसलेले जहाज तर ते त्याआधीपासूनच पकडू लागले होते. परवान्यात अट होती की, जाता-येता आमच्या बंदरात थांबून जकात भरा. नाखव्याची पुढच्या खाडीत शिरायची मुभा त्यांनी नेमकी काढून घेतली. पण पूर्णपणे नाही. १६व्या शतकाच्या मध्याला सुमात्रातल्या अचेहची मिरी पोर्तुगीजांना चुकवून लाल समुद्राकडे जाऊ लागली होती, आणि ती नेणाऱ्यांत गुजराती जहाजे होती.